होकार डावीकडे की उजवीकडे? मोबाइलमधील चौकटीचा इतिहास

‘हे छायाचित्र काढून टाकायचे?’ असे विचारणारी चौकट पडद्यावर उमटते आणि वाचण्यापूर्वीच बोट सवयीच्या बटणावर जाते. अँड्रॉइडच्या ह्या डायलॉगचे रंग अनेकदा पालटले. पण खरी उलथापालथ झाली ती बटणांच्या जागेत.

प्रारंभीच्या आवृत्त्यांत होकार डावीकडे आणि नकार उजवीकडे असे. २०११ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीने हा क्रम फिरवला. मात्र अ‍ॅप कोणत्या आवृत्तीसाठी घडवले आहे, ह्याची नोंद पाहून प्रणाली त्याला मूळ थीम देई. त्यामुळे नव्या फोनवरही जुने अ‍ॅप जुनाच अंगरखा घालून येई, होकार डावीकडे ठेवून. मोडीच्या वळणावरून कागदाचा काळ ताडावा, तसे चौकटीवरून अ‍ॅपचे वय ओळखता येई. अभ्यासकाला ही गंमत. वापरणाऱ्याला मात्र एकाच फोनवर दोन उलटे शिरस्ते.

त्यातच फोन बनवणाऱ्या कंपन्या आपापले रंग चढवीत. अखेर जानेवारी २०१२ मध्ये गूगलने अट घातली: अँड्रॉइड मार्केट हवे असेल, तर ४.० च्या फोनमध्ये ‘होलो’ थीम मूळ रूपात असलीच पाहिजे. ही सक्ती योग्यच होती.

२०१४ च्या ‘मटेरियल डिझाइन’विषयी तसे म्हणता येत नाही. बटणांच्या कडा गेल्या. ‘हे बटण आहे’ असे सांगण्याचे काम बरेचसे रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांवर आले. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीतच! मराठीत फोन वापरणाऱ्याच्या वाट्याला उरले ते फक्त रंग आणि जागा. एका लिपीचा सोयीस्कर संकेत साऱ्या लिपींवर लादला गेला.

एप्रिल २०१५ मध्ये अ‍ॅपकॉम्पॅट ह्या पूरक संग्रहातून हेच नवे रूप जुन्या आवृत्त्यांवरही आणता येऊ लागले. प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी शैली लिहिण्याचा विकासकांचा त्रास वाचला, हे मान्य. पण रंग अ‍ॅपने ठरवावा. बटणांचा क्रम फोनचाच असावा. त्याच वर्षीच्या ६.० आवृत्तीत कॅमेरा, संपर्कयादी यांसारख्या संवेदनशील गोष्टींची परवानगी वापराच्या वेळी मागितली जाऊ लागली, आणि ती चौकट दाखवण्याचा अधिकार प्रणालीने स्वतःकडेच राखला. तिला आपला रंग लावण्याची मुभा अ‍ॅपला दिलेली नाही.