डोलकाठी मुलांनाच उभी करू द्या

समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या नागपुरात, त्यातही लकडगंजात वाढलेल्या माणसाने शिडाच्या नौकेविषयी लिहावे, हे स्मरणिकेच्या वाचकांना काहीसे विचित्र वाटेल. आपल्या वसतिगृहाच्या खिडक्यांतून लाटांचा नव्हे, तर आरागिरण्यांचा आवाज येत असे. पहाटे वंदनेला बसलो की वाऱ्याबरोबर सागाच्या ओल्या भुशाचा वास सभागृहात शिरे. पाणी म्हणजे नळाला येणारे, बादलीत साठवायचे आणि काटकसरीने वापरायचे, एवढाच आमचा त्याच्याशी परिचय होता. तरीही या महोत्सवी वर्षात माझ्या मनात जी सूचना घोळत आहे, ती पाण्याशी आणि नौकेशीच संबंधित आहे.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला काय द्यावे, याविषयी सध्या बरीच चर्चा चालू आहे. कोणी प्रवेशद्वार सुचवतो, कोणी सभागृहाचा विस्तार, कोणी संगणक. या सर्व गोष्टी उपयुक्तच आहेत. माझी सूचना मात्र वेगळी आहे. शाळेने दोन लहान शीडनौका घ्याव्यात, पुरेशी जीवरक्षक जाकिटे घ्यावीत आणि मुलामुलींना पोहायला शिकवणारा एक चांगला शिक्षक नेमावा. यासोबत माझी एक अट आहे. नौका सज्ज करण्याचे काम, ज्याला नाविक लोक ‘रिगिंग’ म्हणतात, ते पहिल्या दिवसापासून मुलांनीच करावे. मोठ्या माणसांनी तयार करून दिलेल्या नौकेत मुलांना नुसते बसवून आणायचे असेल, तर तो खर्च न केलेला बरा.

ही अट मी का घालतो, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. शाळा सोडल्यानंतर, अकरावीत असताना मी एन.सी.सी.च्या नौदल शाखेत दाखल झालो. नागपुरात नौदल छात्रांचे युनिट आहे आणि आमचा सराव अंबाझरी तलावावर होत असे. पहिल्याच रविवारी आमच्यासमोर ‘एंटरप्राइज’ जातीची डिंगी ठेवण्यात आली. ब्रिटनमधील जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखलेली, सुमारे चार मीटर लांबीची ही दोघांची नौका. तिला दोन शिडे असतात, मागचे मोठे ‘मेनसेल’ आणि पुढचे लहान ‘जिब’. नौकेचे धड एकीकडे, डोलकाठी दुसरीकडे, शिडे पिशवीत आणि शेजारी दोरांचा ढीग अशी तिची अवस्था होती. प्रशिक्षकांनी एकदा सर्व भागांची नावे सांगितली, एकदा क्रम सांगितला आणि हात पाठीमागे बांधून ते बाजूला उभे राहिले.

आम्ही दोघे छात्र दोरांच्या ढिगाकडे धावलो. परंतु पहिला प्रश्न दोराचा नव्हताच, तो वाऱ्याचा होता. नौकेचे तोंड वाऱ्याकडे करून ठेवले नाही, तर शीड वर चढताच त्यात वारा भरतो आणि नौका काठावरच आडवी होते. हे कळायला आम्हाला एकदा आडवे व्हावे लागले. त्यानंतर डोलकाठी. ती खालच्या खोबणीत बसते खरी, पण उभी राहते ती तीन तारांच्या ताणावर. दोन तारा दोन बाजूंना आणि एक पुढच्या टोकाला. एक तार सैल राहिली तरी काठी झुकते. मग जिब चढवायचे. शीड त्रिकोणी असल्यामुळे त्याचा कोणता कोपरा वर आणि कोणता खाली, हे नवख्याला उमजत नाही. आम्ही ते उलटे लावले आणि बऱ्याच वेळाने आमच्या लक्षात आले. मेनसेलची पुढची कड डोलकाठीच्या खाचेत ओवत न्यायची, खालची कड ‘बूम’ नावाच्या आडव्या काठीच्या खाचेत सरकवायची आणि मागच्या कडेच्या कप्प्यांत पातळ पट्ट्या घालायच्या. शीड वर ओढणाऱ्या दोरीला ‘हॅलियार्ड’ म्हणतात. माझ्या सोबत्याच्या हातून तिचे टोक सुटले आणि सरळ डोलकाठीच्या शेंड्याला जाऊन बसले. ते खाली आणण्यासाठी सगळी नौका पुन्हा आडवी करावी लागली. प्रशिक्षक हे सारे पाहत होते. ते हसले नाहीत आणि मदतीलाही आले नाहीत.

दोन तासांनी नौका पाण्याजवळ नेली, तेव्हा मात्र ते पुढे आले. आमच्या जाकिटांचे पट्टे त्यांनी स्वतः ओढून पाहिले. नौकेच्या मागच्या बाजूला आत आलेले पाणी सोडण्यासाठी भोक असते. त्याचे बूच आम्ही लावलेच नव्हते. ते त्यांनी आमच्याकडून लावून घेतले. सुकाणू बिजागरीत नीट अडकले आहे की नाही, हेही तपासले. आणि मग त्यांनी आम्हाला जाऊ दिले. काठापासून शंभर हात गेलो असू, तोच मेनसेल आवरणारी दोरी, म्हणजे ‘शीट’, माझ्या हातून निसटली आणि कप्पीतून सरसर बाहेर पडली. तिच्या टोकाला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ मारायला मी विसरलो होतो. शीड मोकळे फडफडू लागले, नौका थांबली आणि वारा नेईल तिकडे हळूहळू सरकू लागली. आम्ही घाबरत घाबरत दोरी पुन्हा ओवली, गाठ मारली आणि परतलो. काठावर आल्यावर प्रशिक्षक एवढेच म्हणाले, “गाठ नाही, हे मी निघतानाच पाहिले होते.”

त्या वेळी मला त्यांचा राग आला. आज तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर वाटते, की शिक्षणाविषयी मी जे काही शिकलो, त्यातला फार मोठा भाग त्या एका वाक्यात होता. त्यांनी चुकांचे दोन ढीग केले होते. जी चूक जिवावर बेतू शकते, ती त्यांनी काठावरच थांबवली. बूच, जाकीट, सुकाणू यांबाबत त्यांनी आमच्यावर विसंबून राहण्याचा प्रश्नच नव्हता. जी चूक केवळ फजिती करील, ती त्यांनी आम्हाला करू दिली. शीट सुटली तर शीड मोकळे होते आणि नौका थांबते, कोणी बुडत नाही, हे त्यांना ठाऊक होते. ती गाठ मी आयुष्यात पुन्हा कधी विसरलो नाही. त्यांनी काठावर बोट दाखवून सांगितले असते, तर पुढच्या रविवारी ती मी नक्की विसरलो असतो.

आपल्या निवासी शाळांत हे दोन ढीग आपण वेगळे करतो का? माझे प्रामाणिक मत आहे की आपण करीत नाही. मुलांना आपण घंटेवर उठवतो, घंटेवर जेवू घालतो, घंटेवर झोपवतो. शिस्तीचे मोल मी कमी मानत नाही, त्या शिस्तीनेच मला घडवले. परंतु आपली मुले चुकू नयेत, या काळजीपोटी आपण त्यांच्या हातून कामच काढून घेतो. प्रयोगशाळेत शिक्षक प्रयोग करतात आणि मुले वहीत निष्कर्ष उतरवतात. स्नेहसंमेलनाचा मंच मंडपवाला बांधतो. मग हीच मुले महाविद्यालयात जातात आणि कोणी बोट दाखवल्याशिवाय पाऊल टाकायला कचरतात. वारा कोणत्या बाजूने आहे, हे स्वतः ओळखण्याची सवय त्यांना कोणी लावलेलीच नसते.

या अनुभवाची दुसरी बाजू माझ्या घराशी निगडित आहे. माझे वडील लकडगंजात ओंडके उतरवण्याचे काम करीत. ते अक्षरशत्रू होते आणि त्यांच्या कामाविषयी मित्रांसमोर बोलायला मला संकोच वाटे. शिबिरात आम्हाला गाठी शिकवल्या, त्यांत ‘टिंबर हिच’ नावाची एक गाठ होती. दोर लाकडाभोवती घ्यायचा आणि त्याचे टोक त्याच दोराला तीनचार पीळ देऊन अडकवायचे. जितकी ओढ जास्त तितकी ती घट्ट बसते, आणि ओढ गेली की हाताने सुटते. घरी येऊन मी ती वडिलांना मोठ्या ऐटीत दाखवली. त्यांनी दोर हातात घेतला आणि माझ्याहून चौपट वेगाने तीच गाठ बांधली. ते म्हणाले, “बाबू, याच गाठीनं तर आम्ही रोज ओंडका ओढतो.” ज्या कौशल्याला जगभरच्या नाविकांच्या पुस्तकांत मानाचे पान आहे, ते माझ्या बापाच्या हातात होते आणि मला त्याची लाज वाटत होती. आपल्या शाळेतील किती मुलांच्या घरी अशी हातची विद्या आहे! सुतारकाम, शिवणकाम, दोरकाम, गवंडीकाम. नौका सज्ज करताना या सगळ्यांची गरज पडते, आणि त्या दिवशी पाठ्यपुस्तकात पहिला येणारा मुलगाच पहिला येतो असे नाही.

खर्चाची शंका कोणी घेईल, म्हणून ‘ऑप्टिमिस्ट’ या नौकेचा उल्लेख करतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात क्लिअरवॉटर येथे क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली ती आखली. मुलांना आणि त्यांच्या पालकांना घरच्या घरी, कमी पैशांत बांधता यावी, हाच तिचा हेतू होता. आठ फूट बाय चार फुटांच्या दोन प्लायमध्ये ती बसावी, असा हिशेब होता. म्हणूनच तिची लांबी आठ फुटांच्या आत आहे. हे माप लकडगंजातील कोणत्याही दुकानदाराला पाठ असते. एकच शीड, एकच मूल, आणि डोलकाठीला तारांची भानगड नाही. शीड लहान लहान दोऱ्यांनी काठीला बांधायचे असते. एक दोरी आवळ आणि दुसरी सैल झाली की शिडावर सुरकुती पडते आणि मुलाला आपली चूक स्वतःच दिसते. आज पंधरा वर्षांखालील मुले जगभर याच नौकेवर धडे गिरवतात.

समुद्र नसलेल्या प्रदेशात हे कसे जमावे, असे कोणी विचारील. त्यांनी उत्तरेकडे साडेतीनशे किलोमीटरवर पाहावे. भोपाळच्या मोठ्या तलावावर शीडनौकानयनाची राष्ट्रीय शाळा आहे. मध्य प्रदेशातील हर्षिता तोमर हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. देवास जिल्ह्यातील शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर भोपाळच्या याच शाळेत शिकली आणि २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक जिंकले. त्याच्या तीनच दिवस आधी, २३ सप्टेंबरच्या पहाटे, आपला अंबाझरी तलाव ओसंडून नागपूरच्या वस्त्यांत पाणी शिरले होते. एकाच आठवड्यात तलावाची ही दोन रूपे आपण पाहिली. पाणी आपल्या दाराशी येतेच. त्याच्याशी ओळख करून घ्यायची की त्याला नुसते भ्यायचे, एवढेच आपल्या हाती आहे.

भीतीचा प्रश्न मी हलका मानत नाही. दरवर्षी पावसाळ्यात आपल्या परिसरातील धरणांत आणि तलावांत तरुण मुले बुडाल्याच्या बातम्या येतात. ज्या आईने आपले लेकरू वसतिगृहाच्या स्वाधीन केले आहे, तिला नौकेचे नाव ऐकून धडकी भरणे स्वाभाविक आहे. त्या माउलीला माझे सांगणे एवढेच, की आपण मनाई केली तरी मुले पाण्यावर जाणारच आहेत. मात्र ती तेव्हा न सांगता, न शिकता, जाकिटाविना जातील. म्हणून आधी पोहणे, मग जाकीट, मग जमिनीवर नौका सज्ज करण्याचा दीर्घ सराव, आणि या तिन्ही पायऱ्या पार केल्यावरच, प्रशासनाची परवानगी व मदतीची नौका सोबत ठेवून, पाणी. यातील एकही पायरी गाळली गेली तर माझी सूचना खुशाल फेटाळावी.

शेवटी एक गोष्ट. पाण्याच्या काठावर जाण्याचा साधा हक्क बजावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आपल्या पूर्वजांना पाऊल टाकावे लागले. त्यांच्या पणतवंडांनी तलावाकाठी उभे राहून नुसते फोटो काढावेत, याने माझे समाधान होत नाही. त्यांनी त्या पाण्यावर स्वतः सज्ज केलेली नौका स्वतःच्या हाताने न्यावी, असे मला वाटते.

वर्गणीच्या यादीत मी माझे नाव लिहिले आहे. लाकूड व्यवसायातील आपल्या माजी विद्यार्थ्यांनी प्लायचा भार उचलावा, नौदलात आणि एन.सी.सी.त गेलेल्यांनी सुट्टीचे काही रविवार द्यावेत, आणि पालकांनी आपल्या हातातली एखादी गाठ मुलांना शिकवायला यावे. पहिल्या दिवशी मीही येईन, आणि हात पाठीमागे बांधून उभा राहीन.