नमुना तिचा तिनेच घ्यावा

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी डॉक्टरांच्याच हातून व्हायला हवी, बाईने स्वतः घेतलेल्या नमुन्यावर विसंबणे म्हणजे गरिबांच्या गळ्यात दुय्यम सेवा मारणे, असा आक्षेप चांगली जाणती माणसेही घेतात. त्यामागची कळकळ खरी आहे. खेड्यातल्या बाईच्या वाट्याला उरलेसुरलेच येत आले आहे, तेव्हा संशय येणारच. पण इथे तो संशय चुकीच्या जागी येतो आणि त्याची किंमत त्याच बाईला मोजावी लागते.

हा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. संसर्ग होण्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारण पंधरा-वीस वर्षे जातात. एवढी सवड देणारा दुसरा कर्करोग क्वचितच सापडेल. तरीही 2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखावर बायकांना तो होतो आणि ऐंशी हजारांच्या आसपास मरतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांपैकी दोघींचीही तपासणी झालेली आढळली नाही. म्हणजे डॉक्टरांच्या हातची तपासणी उत्तम, हे मान्य केले तरी ती होतच नाही.

आणि ती उत्तम असते, हेही तपासून घेतले पाहिजे. त्यासाठी परदेशी जायची गरज नाही. बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांवर अभ्यास केला. गावांचे 52 समूह चार गटांत विभागले. एका गटात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर (पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे), तिसऱ्यात व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा. 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्हीची चाचणी एकदाच देऊ केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप स्मिअर आणि व्हिनेगरच्या गटांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. जगभरची धोरणे बदलायला ज्या पुराव्यांनी हातभार लावला, त्यांतला एक मराठवाड्यातल्या बायकांनी उभा केला आहे.

व्हिनेगरच्या बाजूने बोलणारे टाटा रुग्णालयाच्याच मुंबईतल्या वस्त्यांमधल्या अभ्यासाकडे बोट दाखवतात. तो दाखला मोठा आहे. थोडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत तपासणी केली आणि मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. पण त्यासाठी सरावलेली नजर हवी, देखरेख हवी आणि बायका पुन्हा पुन्हा यायला हव्यात. शिवाय पाळी गेल्यावर जिथे बदल घडतात तो भाग आत सरकतो आणि डोळ्यांना नीट दिसत नाही. ही पद्धत टाकाऊ नाही. फक्त तिचा सगळा भार पाहणाऱ्याच्या कसबावर आहे.

एचपीव्हीच्या चाचणीला गर्भाशयाचे तोंड दिसावे लागत नाही. इथेच सगळे गणित बदलते. मऊ ब्रश योनीमार्गात घालून फिरवायचा आणि नळीत ठेवायचा, बस्स. आत घालायचे स्पेक्युलम हे उपकरण नको, टेबल नको, पाय फाकवून परक्या माणसासमोर पडून राहणे नको. धाराशिवच्या अभ्यासात नमुने आरोग्यसेविकांनी घेतले होते, हे खरे. पण नंतर 2018 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. नमुना पीसीआर पद्धतीने तपासला, तर बाईने स्वतः घेतलेला आणि डॉक्टरांनी घेतलेला, दोन्ही जवळपास सारखेच विश्वासार्ह ठरतात, असे त्यात दिसले. ऑस्ट्रेलियाने जुलै 2022 पासून तपासणीस पात्र असलेल्या प्रत्येक बाईला हा पर्याय खुला केला. श्रीमंत देशातल्या बाईला जे चालते, ते धाराशिवमधल्या परांड्याच्या बाईला दिले की दुय्यम कसे होते?

दुसरा आक्षेप भीतीचा. विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो. अहवाल पॉझिटिव्ह आला की घरात संशय पेटेल, आणि बाई कर्करोगाच्या धसक्याने खचेल. यातला पहिला धोका खरा आहे. म्हणून अहवाल नवऱ्याच्या किंवा सासूच्या हाती न देता तिला एकटीला सांगितला पाहिजे, आणि सोबत हेही सांगितले पाहिजे की हा संसर्ग आयुष्यात कधी ना कधी बहुतेकांना होतो, तो कधीचा आणि कोणाकडून आला हे चाचणीतून कळत नाही, आणि बहुतेकींच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत तो आपोआप निघून जातो. पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे.

पण तपासणी न केल्याने भीती टळते, हे मात्र मला मुळीच मान्य नाही. बीडकडे पाहा. 2019 मध्ये सरकारी समितीने केलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते म्हणून गेलेल्या कित्येकींना ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ असे सांगितले गेल्याचे त्या वेळी उघडकीला आले. त्या बायकांना घाबरवायला कोणती चाचणी लागली नाही. हातात अहवाल नव्हता, म्हणूनच तर त्यांना घाबरवता आले. एचपीव्ही नाही असे सांगणारा कागद जवळ असता, तर पुढची कितीतरी वर्षे कर्करोगाचा धोका फार कमी आहे, हे त्या उलट सुनावू शकल्या असत्या.

‘आता एचपीव्हीची लस आली आहे’ हेही उत्तर नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस मुलींना जरूर द्यावी. पण ज्यांचा संसर्ग आधीच जुना आहे, त्या चाळिशीतल्या आयांना तिचा उपयोग नाही.

स्वनमुन्याच्या उत्साही समर्थकांशीही माझे भांडण आहे. घरोघरी ब्रश वाटले, नळ्या गोळा केल्या आणि पॉझिटिव्ह बाईला जिल्ह्याच्या गावी जाण्याची चिठ्ठी दिली, तर हे काम केले नाही असेच म्हणावे लागेल. सुरुवातीचे बदल उष्णतेने जाळून टाकणारे हातात धरण्याएवढे यंत्र मिळते. त्याला शस्त्रक्रियागृह लागत नाही, भूल लागत नाही. ते तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असले पाहिजे आणि चालवणारी परिचारिका रजेवर गेली तर दुसरी तयार हवी. ज्यांना जाळून भागणार नाही, त्यांच्यासाठी बार्शीसारख्या ठिकाणी आधीच वेळ ठरलेली हवी.

आणि वेळापत्रक बायकांच्या वर्षाला धरून हवे. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. आशाताईने नळ्या जून-जुलैत गोळा कराव्यात, ऑगस्टमध्ये अहवाल द्यावा, उपचार दसऱ्याआधी संपवावेत. उपचारानंतरची फेरतपासणी वर्षाने करायची असते. ती पुढच्या पावसाळ्यात, बाई गावातच असताना होईल.