मोबिलिटी स्कूटर घेताय? आधी शिका, मग बसा

"डॉक्टर, बाबांसाठी ती बॅटरीवर चालणारी स्कूटर घेऊ का?" हा प्रश्न हल्ली ओपीडीत वरचेवर येतो. विचारणारा बहुधा मुलगा किंवा मुलगी असते. ज्यांच्यासाठी घ्यायची ते आई-बाबा बाजूच्या खुर्चीत गप्प बसलेले असतात. मीही पूर्वी या प्रश्नाला अर्ध्या मिनिटात उत्तर द्यायचो, "घ्या की, चांगली सोय आहे." आता तसं देत नाही. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

माझ्याकडे अनेक वर्षं येणारे एक निवृत्त शिक्षक आहेत, वय ७४. मधुमेह जुना, त्यामुळे पायांच्या नसा बधिर झालेल्या. गुडघे झिजलेले. घरात काठी घेऊन फिरायचे, पण कोपऱ्यावरच्या कट्ट्यापर्यंत जाणंही बंद झालं होतं. दिवाळीत परदेशातल्या मुलाने त्यांच्यासाठी चारचाकी मोबिलिटी स्कूटर मागवली. खोकं आलं, दुकानातल्या माणसाने बॅटरी जोडून दिली, दहा मिनिटं दाखवलं आणि तो गेला. काका खूश होते. महिनाभर बँक, भाजी, कट्टा असं सगळं सुरू झालं.

मग एका संध्याकाळी सोसायटीच्या फाटकापाशी ते स्कूटरवरून उतरायला लागले. चावी बंद केली नव्हती. उठताना आधारासाठी हात हँडलवर टेकला आणि तो नेमका वेगाच्या लिव्हरवर पडला. स्कूटर पुढे सरकली, काका बाजूला पडले, खुब्याचं हाड मोडलं. पुढे ऑपरेशन, अंथरूण, वॉकर.

त्यांनी मला एकदाच विचारलं, "डॉक्टर, चावीचं कोणी सांगितलंच नाही हो." ते 'कोणी' म्हणजे फक्त दुकानदार नव्हता. मीही होतो. रक्तदाबाची गोळी लिहून देताना मी तीन सूचना देतो, आणि माणसाला रस्त्यावर नेणाऱ्या मशीनबद्दल मी एक शब्द बोललो नव्हतो.

माझं मत सरळ आहे. मोबिलिटी स्कूटरकडे टीव्ही किंवा फ्रिजसारखं पाहू नका, औषधासारखं पाहा. औषध कोणाला द्यायचं, कोणाला नाही, किती द्यायचं, त्याचे दुष्परिणाम काय आणि पुन्हा तपासणी कधी, हे ठरलेलं असतं. स्कूटरचंही तसंच ठरायला हवं.

कोणासाठी योग्य, कोणासाठी नाही?

स्कूटर चालवायला पाठ सरळ ठेवून बसता यावं लागतं, हात पुढे करून हँडल धरता आणि वळवता यावं लागतं, आणि सीटवर स्वतःहून किंवा थोड्या आधाराने चढता-उतरता यावं लागतं. ज्यांना थोडं चालता येतं पण लांब जाता येत नाही, त्यांच्यासाठी ती उत्तम. गुडघेदुखी, सीओपीडीचा दम, हृदयाचा अशक्तपणा, पोलिओनंतरची पायातली कमजोरी असे रुग्ण यात येतात.

बसल्यावर तोल जात असेल किंवा हात वर धरवत नसतील, तर जॉयस्टिकवर चालणारी पॉवर व्हीलचेअर जास्त योग्य ठरते. ती घरातही लहान जागेत वळते. स्कूटरला वळायला जागा जास्त लागते, हे पैसे भरण्याआधी लिफ्ट आणि दरवाजा मोजून पाहा.

खालीलपैकी काही असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय स्कूटर घेऊ नका:

- वाढलेला मोतीबिंदू किंवा नजरेचा एक भाग न दिसणं
- पक्षाघातानंतर एका बाजूचं, बहुधा डाव्या बाजूचं, भान न राहणं. अशा माणसाला दिसत नाही हे त्याला स्वतःला कळत नाही, म्हणून धोका अधिक
- फिट येण्याचा किंवा अचानक चक्कर येण्याचा त्रास
- स्मृतिभ्रंश, किंवा पार्किन्सन्समध्ये हालचाल फार मंदावलेली असणं
- झोपेच्या, ॲलर्जीच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्यांमुळे गुंगी राहणं
- इन्सुलिन किंवा गोळ्यांमुळे वारंवार साखर कमी होणं

शेवटच्या मुद्द्यावर एक सूचना. मधुमेह असेल तर उपाशीपोटी स्कूटर घेऊन बाहेर पडू नका आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा.

चावी आधी, उठणं नंतर

बहुतेक स्कूटरना वेगासाठी बोटाने किंवा अंगठ्याने दाबायची लिव्हर असते. दाबली की गाडी चालते, सोडली की थांबते आणि ब्रेक आपोआप लागतो. ही सोय छान आहे, पण त्यामुळेच फसगत होते. घाबरल्यावर माणूस हँडल घट्ट धरतो, म्हणजे लिव्हर दाबतो, आणि गाडी आणखी पळते. म्हणून पहिला धडा: घाबरलात की हात मोकळा सोडा. हे मोकळ्या मैदानात, सगळ्यात कमी वेगावर वीस-पंचवीस वेळा करून पाहा, म्हणजे हाताला सवय लागेल.

दुसरा धडा काकांनी हाड मोडून घेऊन शिकवला. बसताना आधी बसा, पाय आत घ्या, मग चावी फिरवा. उतरताना आधी चावी बंद करा, मग उठा. हँडलला धरून उठू नका, सीटच्या हातांना धरून उठा. सीट बाजूला फिरत असेल तर फिरवून ती जागेवर अडकल्याचा 'खट्' आवाज ऐका. चालत्या गाडीत मात्र चावी बंद करू नका. ब्रेक एकदम लागतो आणि माणूस पुढे फेकला जातो.

तिसरी गोष्ट, मागच्या बाजूचा एक छोटा दांडा. तो ओढला की मोटर सुटी होते आणि गाडी हाताने ढकलता येते. या स्थितीत आपोआप लागणारा ब्रेक काम करत नाही. उतारावर, माणूस बसलेला असताना त्याला हात लावायचा नाही. नातवंडांनाही हे सांगून ठेवा.

उतार, वळण आणि पदर

तीनचाकी स्कूटर कमी जागेत वळते, चारचाकी जास्त स्थिर असते. दोन्ही प्रकार वेगात वळवले तर कलंडू शकतात. वळणाआधी वेग कमी करा. उतारावर सरळ चढा, सरळ उतरा. उतारावर आडवं वळायचं नाही. मागची छोटी चाकं अडतात म्हणून काढून टाकू नका, गाडी मागे उलटू नये म्हणून ती दिलेली असतात. भाजीची पिशवी हँडलला न लटकवता टोपलीत ठेवा.

आपल्याकडचा खास धोका कपड्यांचा. साडीचा पदर, ओढणी, शाल, धोतराचा सोगा चाकात गेला तर माणूस खेचला जातो. निघण्याआधी पदर खोचा, ओढणीला गाठ मारा.

पाय बधिर असलेल्या मधुमेही रुग्णांसाठी आणखी एक. तुमचा पाय फूटबोर्डवरून घसरला तर तुम्हाला कळणार नाही. मागे पट्टा असलेले बंद बूट घाला आणि थांबाल तिथे खाली डोळ्यांनी पाहून पाय जागेवर असल्याची खात्री करा. बराच वेळ बसलात तर अधूनमधून हातांवर जोर देऊन थोडं उठा, बसण्याच्या जागी जखमा होत नाहीत.

पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या रस्त्यावर जाऊ नका. खड्डा दिसत नाही आणि मोटर, वायरिंग भिजतं. स्कूटर पाइपने धुऊ नका, ओलसर फडक्याने पुसा.

बॅटरी: इथे बहुतेक घरं चुकतात

काका अंथरुणावर होते तेव्हा स्कूटर चार महिने कव्हर घालून पार्किंगमध्ये उभी होती. कोणी चार्ज केली नाही. बाहेर काढली तेव्हा बॅटरी मेलेली. त्यात दोष कोणाचा नव्हता, माहितीचा अभाव होता.

पुष्कळ स्कूटरमध्ये १२ व्होल्टच्या दोन सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट होतात. ही बॅटरी रिकामी ठेवली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक साचतात आणि ती पुन्हा भरत नाही. त्यामुळे ती वापरल्यावर त्याच दिवशी चार्जिंगला लावा आणि चार्जरचा दिवा 'पूर्ण' दाखवेपर्यंत काढू नका. स्कूटर वापरात नसली तरी महिन्यातून एकदा चार्ज करा.

लिथियम बॅटरी हलकी असते, पण तिचे नियम वेगळे. बरेच दिवस ठेवायची असेल तर साधारण अर्धी भरलेली, थंड जागी ठेवा. उन्हात तापलेल्या पार्किंगमध्ये लगेच चार्ज करू नका, गार होऊ द्या. फुगलेली, आदळलेली, भिजलेली किंवा वास येणारी बॅटरी अजिबात वापरू नका, तिला आग लागू शकते.

दोन्ही प्रकारांसाठी सारखं: चार्जर त्याच गाडीचा वापरा. शेजाऱ्याचा किंवा स्वस्तातला 'तसाच दिसणारा' नको. सैल एक्स्टेंशन बोर्ड नको. देवघरातली समई, गॅस, पडदे यांच्यापासून दूर, हवेशीर जागी लावा. घराच्या दारातच चार्ज करू नका, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. घरातलं कोणी जागं असताना चार्ज करा.

एक गणित लक्षात ठेवा. माहितीपत्रकात लिहिलेलं अंतर नव्या बॅटरीचं, सपाट रस्त्याचं आणि हलक्या माणसाचं असतं. त्याच्या निम्म्याच अंतराचा बेत करा, त्यातही येण्याचं अंतर धरा. बॅटरी जुनी झाली की अंतर हळूहळू कमी होतं. एकदम निम्म्यावर आलं तर बॅटरी बदलायची वेळ झाली. तो खर्च काही वर्षांनी येणारच आहे, घेतानाच विचारून ठेवा.

आठवड्याची पाच मिनिटं

रविवारी सकाळी घरातल्या एका ठरलेल्या माणसाने हे पाहावं:

- टायरमध्ये हवा आहे का? कमी हवेने गाडी एका बाजूला ओढते आणि बॅटरी लवकर संपते
- लिव्हर सोडल्यावर गाडी लगेच थांबते का?
- सीट आणि हँडल हलतं का?
- हॉर्न, दिवे चालतात का?
- चाकात दोरा, केस, कापड अडकलं आहे का?
- वायर कुरतडलेली आहे का? पार्किंगमधले उंदीर विसरू नका

वर्षातून एकदा जाणकार मेकॅनिककडून ब्रेक, मोटर आणि बॅटरी तपासून घ्या. ज्या दुकानात 'सर्व्हिस आमच्याकडे नाही' असं उत्तर मिळेल, तिथून घेऊ नये असं मला वाटतं, किंमत कितीही कमी असो.

चालणं सोडू नका

स्कूटरचा सर्वांत मोठा दुष्परिणाम म्हणजे माणूस चालायचंच सोडतो. न वापरलेला स्नायू उतारवयात फार लवकर झडतो आणि परत यायला फार वेळ घेतो. म्हणून माझा डोस असा: लांबचं अंतर स्कूटरने, घरातलं आणि जवळचं अंतर पायांनी, जेवढं झेपेल तेवढं. बागेत स्कूटरने जा, तिथे काठी घेऊन दोन फेऱ्या मारा, थकलात की बसा. फिजिओथेरपिस्टने सांगितलेले मांड्यांचे व्यायाम सुरू ठेवा.

उलट टोकही आहे. "लोक काय म्हणतील, मी काय अपंग आहे?" म्हणून स्कूटर नाकारणारे आणि वर्षानुवर्षं घरात बसणारेही मी पाहतो. घरात कोंडून घेतल्याने मन खचतं, पाय आखडतात, भूक मंदावते. चष्मा लावायला आपण लाजत नाही, मग याला का लाजावं?

सोसायटीनेही काही करायला हवं

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा असणं बंधनकारक केलं आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रॅम्पचा उतार १:१२ सांगितला आहे, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. आपल्या इमारतीतला रॅम्प टेपने मोजून पाहा. बरेचसे मोटारसायकल चढवण्यासाठी बांधलेले असतात, माणसासाठी नाही. गणपतीच्या मंडपाला जागा निघते, तर रॅम्पलाही निघेल. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय मांडा.

काकांचं काय झालं, ते सांगतो. नवी बॅटरी बसवली. आधी डोळे तपासले, मोतीबिंदू काढला. फिजिओथेरपिस्टने पंधरा दिवस सोसायटीच्या आवारात सराव करून घेतला. चावीला काकूंनी मोठी लाल रिबन बांधली, बंद करायची आठवण राहावी म्हणून. आता ते पुन्हा कट्ट्यावर जातात, कमी वेगाने.

तुम्हीही स्कूटर घ्यायचं ठरवत असाल तर पुढच्या भेटीत आई-बाबांना सोबत आणा, औषधांची यादी आणा आणि त्यांना काय हवं आहे ते त्यांनाच बोलू द्या. मी आता अर्धं मिनिट नाही, पंधरा मिनिटं देतो.