आठ पट पुरे आहेत

गेल्या हिवाळ्यात सागरेश्वर अभयारण्यात कॉलेजात शिकणारा एक मुलगा भेटला. गळ्यात कोरी दुर्बीण, तिच्यावर ठळक अक्षरांत २०×५०. समोर बाभळीच्या फांदीवर वेडा राघू बसला होता, फार तर पंचवीस मीटरवर. मुलाने दुर्बीण डोळ्यांना लावली, इकडे फिरवली, तिकडे फिरवली. तेवढ्यात राघूने झेप घेतली, हवेतच एक माशी टिपली आणि तो परत त्याच फांदीवर येऊन बसला. दुर्बीण अजून शेजारच्या झाडातच चाचपडत होती. “काका, माझ्या डोळ्यांत काही दोष आहे का हो?” त्याने विचारले. मी माझी जुनी आठ पटीची दुर्बीण त्याच्या हातात दिली. दोन सेकंदांत त्याला राघूच्या डोळ्यावरची काळी पट्टीसुद्धा दिसली.

दोष डोळ्यांत नव्हता, त्या वीस आकड्यात होता. दुर्बीण विकणारा आधी हाच आकडा सांगतो आणि घेणाराही तोच विचारतो. मोटारसायकलीचे ॲव्हरेज विचारावे तसे. जितका मोठा आकडा तितकी चांगली दुर्बीण, हा समज इतका पक्का बसला आहे की त्यापायी दरवर्षी किती मुलांचा पक्षी बघण्याचा नाद पहिल्याच आठवड्यात सुटत असेल, याचा विचार करून मला वाईट वाटते.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ८×४२ मधला पहिला म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते तो, आणि दुसरा म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. ऐंशी मीटरवरचा काळवीट आठ पटीच्या दुर्बिणीतून दहा मीटरवर असल्यासारखा दिसतो, दहा पटीच्या दुर्बिणीतून आठ मीटरवर असल्यासारखा. फरक दोन मीटरचा. या दोन मीटरांसाठी आपण काय घालवतो ते पाहा. आठ पटीच्या बऱ्या दुर्बिणीतून हजार मीटरवर साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, दहा पटीच्या दुर्बिणीतून १०५ ते ११० मीटर आणि वीस पटीच्या दुर्बिणीतून जेमतेम ५५-६०. म्हणजे पंचवीस मीटरवरच्या बाभळीचा आठ पटीत सव्वातीन मीटर रुंद भाग एका नजरेत येतो, वीस पटीत दीड मीटरही नाही. फांद्यांच्या जंजाळात सतत हलणारा शिंजीर त्या दीड मीटरात सापडायचा कसा?

दुसरी गोष्ट हाताची. माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. दुर्बीण पक्ष्याला जितकी मोठी करते तितक्याच पटीने ती हाताची थरथरही मोठी करते. चढ चढून धाप लागलेली असेल तर विचारूच नका. आठ पट बहुतेकांना झेपते, दहा पट सवयीने जमते. त्यापुढे तिपाई लागते. साठी ओलांडलेल्यांना तर मी सातचीही शिफारस करीन.

तिसरी गोष्ट उजेडाची. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ८×४२ मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर, २०×५० मध्ये फक्त अडीच. भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे तेव्हा हा फरक जाणवत नाही. पण प्राणी दिसतात ते पहाटे आणि तिन्हीसांजेला. तेव्हा बाहुली मोठी होते, आणि अडीच मिलिमीटरवाल्या दुर्बिणीतून चितळ आणि झुडूप एकाच रंगाचे दिसू लागतात. वर्तुळ लहान असले की डोळा नेमक्या जागी धरावा लागतो. तो जरा हलला की चित्र काळे.

आपल्या भागात याला आणखी एक कारण जोडायला हवे. कडेगाव, पलूस, वाळवा या तालुक्यांच्या सीमेवरचे सागरेश्वर काही सह्याद्रीच्या माथ्यावरचे दाट रान नाही. उजाड डोंगरावर झाडे लावून, हरणे आणून उभे केलेले हे १०.८७ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे. त्यामागे मोहित्यांचे वडगावच्या धों. म. मोहिते यांचे कष्ट आहेत. इथे मोकळे माळ, खुरटी झुडपे आणि तापणारा खडक आहे. फेब्रुवारीनंतर दहा वाजले की जमिनीवरची हवा थरथरू लागते. दुर्बीण ही थरथरसुद्धा मोठी करून दाखवते. त्या वेळी दूरच्या काळविटाकडे वीस पटीतून पाहणे म्हणजे उकळत्या पाण्यातून पाहणे. भिंग कितीही महाग असले तरी हवेपुढे त्याचे काही चालत नाही.

तलावावरची गोष्ट वेगळी, हे मान्य करतो. शेजारच्या खटाव तालुक्यात येरळवाडीला किंवा मायणीला रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्याला पाण्याच्या मधोमध असलेला थवा आठ पटीत लहानच वाटणार. तिथे दहा पटीची दुर्बीण कामाला येते. पण एकच दुर्बीण घ्यायची असेल तर मी आठच्याच बाजूने उभा राहीन.

आता पैशांचे. दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या, लालभडक काचेच्या किंवा ‘झूम’ असलेल्या दुर्बिणी घेऊ नका. त्या पैशांत घरच्यांना मायणी दाखवून आणा. दुसऱ्या टोकाला दोन लाखांच्या वरच्या दुर्बिणीही आहेत. त्यांतून मी पाहिले आहे. कडेपर्यंत चित्र स्वच्छ, संधिप्रकाशात उजेड जास्त, हे खरे. पण दहा ते वीस हजारांच्या दरम्यान नावाजलेल्या कंपनीची ८×४२ घेतली तर पक्षी ओळखायला जे लागते ते जवळजवळ सगळे मिळते. त्यापुढचा प्रत्येक हजार रुपया कमी कमी फरक दाखवतो. दहा-वीस हजार ही आपल्याकडे लहान रक्कम नाही, म्हणूनच ती एकदाच आणि नीट खर्च व्हावी.

दुकानात गेलात की दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे वळवा. मागच्या भिंगात उजेडाची दोन वर्तुळे दिसतील. ती स्वच्छ गोल हवीत. कडा कापल्यासारख्या, चौकोनी आणि करड्या दिसल्या तर आतले लोलक हलके आहेत. मग दूरची विजेची तार पाहा. ती दोन दिसली, किंवा पाचेक मिनिटांत कपाळ जड झाले, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. अशी दुर्बीण मेंदूला दोन चित्रे जबरदस्तीने जुळवायला लावते आणि घरी आल्यावर डोके दुखते. दोष मात्र उन्हाला दिला जातो. चष्मा असेल तर मागच्या भिंगापासून किमान पंधरा मिलिमीटरवर डोळा ठेवून पूर्ण चित्र दिसेल अशीच घ्या, आणि रबरी कडा खाली करून वापरा. लहान मुलांच्या डोळ्यांतले अंतर कमी असते. मोठ्या दुर्बिणीच्या नळ्या तितक्या जवळ येतच नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी हलकी ८×३२ बरी.

उजव्या डोळ्याजवळची फिरती कडी बहुतेकांना ठाऊकच नसते. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यापुरते चित्र स्पष्ट करायचे, मग डावा मिटून फक्त ती कडी फिरवायची. दोन डोळ्यांच्या नंबरांतला फरक तिथे भरून निघतो. एवढे न केल्यामुळे चांगल्या दुर्बिणीही ‘धुरकट’ म्हणून कपाटात पडलेल्या मी पाहिल्या आहेत. आणि सूर्याकडे दुर्बीण एक क्षणही वळवू नका. पडदा कायमचा जळतो, आणि जळताना दुखतही नाही.

हल्ली अनेक जण म्हणतात, मोबाइल असताना दुर्बीण कशाला? मोबाइलवाला फोटोसाठी पुढे पुढे सरकतो, माळावरच्या घरट्यावरून टिटवी उठते, उन्हात अंडी उघडी पडतात. दुर्बीणवाला जिथे आहे तिथेच थांबतो, काळवीट चरत राहतो आणि पाहणाऱ्याला दहा मिनिटे मिळतात. म्हणून माझे सागरेश्वरच्या पायथ्याच्या गावांतल्या शाळांना एक सांगणे आहे. प्रयोगशाळेच्या पैशांतून खेळण्यातल्या दहा दुर्बिणी आणू नका. चांगल्या दोन आणा आणि मुलांना पाळीपाळीने द्या, पट्टा गळ्यात घालूनच. प्रत्येकाला ती कडी स्वतःच्या डोळ्याप्रमाणे फिरवायला लावा. वर्गात पाटी वाचताना एखाद्याच्या एका डोळ्याला कमी दिसते आहे, हे कधी कधी तिथेच पहिल्यांदा कळते.