ॲक्रिलिकची मत्स्यपेटी अंगणांत ठेवावी काय ?

अलीकडे बागायतदारांच्या घरीं माशांच्या पेट्या दिसूं लागल्या आहेत. कोणी मुलांच्या हौसेखातर ठेवितो, तर कोणी शोभेच्या माशांच्या पैदाशीचा जोडधंदा करून पाहावा म्हणून. २०२० सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेंत शोभेच्या माशांच्या संवर्धनासही साहाय्य ठेवलेलें असल्यानें ह्या दुसऱ्या हेतूस सरकारी पाठबळही आहे. ह्या पेट्या कांचेच्या असतात, तशा ॲक्रिलिकच्याही मिळतात. आणि ‘हिला ऊन बाधत नाहीं, खुशाल अंगणांत ठेवा’ असें सांगून त्या विकणारे दुकानदार आढळतात. ही शिफारस पेटीपुरती बरीचशी खरी आहे. माशांविषयीं मात्र ती सर्वस्वीं चुकीची आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पेटीचें प्रथम पाहूं. साधी प्लॅस्टिकची बादली दोन-तीन उन्हाळ्यांत ठिसूळ होऊन तडकते. ॲक्रिलिकचें तसें नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत हें द्रव्य बाजारांत आलें व दुसऱ्या महायुद्धांत विमानचालकाच्या बैठकीवरील पारदर्शक आच्छादनासाठीं तें वापरलें गेलें. चांगल्या प्रतीचा पत्रा उघड्यावर वर्षानुवर्षें राहूनही फारसा पिवळा पडत नाहीं. परंतु उष्णतेनें तो कांचेच्या सुमारें आठपट प्रसरण पावतो. एक मीटर लांबीची बाजू ३० अंश तापली तर सुमारें २ मिलिमीटर वाढते, व रोजच्या ह्या ताणानें सांध्यांत बारीक तडे पडण्याचा संभव असतो. असो. पेटी फुटली तर नवी घेतां येईल.

खरा प्रश्न आंतील पाण्याचा आहे. दोन फूट लांब व एक फूट रुंद-उंच पेटींत अवघें ५४ लिटर पाणी मावतें. दुपारच्या प्रखर उन्हांत एका चौरस मीटरवर सुमारें १००० वॉट, म्हणजे एका विजेच्या इस्त्रीइतकी उष्णता पडत असते; आणि ही पेटी तर ऊन वरूनही घेते व बाजूंनींही घेते. माठ पाझरतो म्हणून त्यांतील पाणी गार राहतें. ॲक्रिलिक पाझरत नाहीं. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यांत अशा पेटीची गत चुलीजवळ ठेविलेल्या पातेल्यासारखी होते. २५ अंशांस एका लिटर पाण्यांत ८.३ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळूं शकतो, तो ३५ अंशांस ७ च्या आंत येतो. उलट दर १० अंशांस माशाची प्राणवायूची गरज जवळजवळ दुप्पट होते. मिळकत घटावी आणि त्याच वेळीं खर्च दुप्पट व्हावा, अशी ही स्थिति आहे. सोनमासा तर मूळचा थंड पाण्यांतला. तो आधीं जातो.

दुसरें संकट शेवाळाचें. खत, पाणी व ऊन एकत्र आल्यावर पीक येणारच, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. येथें माशांची विष्ठा हें खत आहे. हिरवें पाणी दिवसां प्राणवायु देतें, पण रात्रीं तोच शोषून घेतें. म्हणून मासे बहुधा पहांटे वर येऊन तोंड वासतांना दिसतात. शिवाय दिवसां शेवाळ पाण्यांतील कार्बन डायऑक्साइड खातें व पाण्याचा सामू चढतो. सामू ७ असतां पाण्यांतील अमोनियापैकीं विषारी भाग शंभरांत एकाहूनही कमी असतो. ९ झाला कीं तो एक तृतीयांशाच्या वर जातो. पाणी तेंच, मासे तेच, पण दुपारीं त्याच पाण्याचें विष होतें.

यावर कोणी म्हणेल, आमच्या शेततळ्यावर दिवसभर ऊन असतें, तेथें मासे कसे जगतात ? तळ्यास ऊन फक्त वरून लागतें, खालीं व बाजूंस थंड जमीन असते, आणि खोल पाण्यांत माशास आश्रयास जातां येतें. पेटींतील माशानें कोठें जावें ?

अंगणांतच मासे हवे असतील त्यांनीं विटांचें किंवा सिमेंटचें टांकें बांधावें. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद व पाऊण मीटर खोल टांक्यांत २२५० लिटर पाणी राहतें, म्हणजे त्या पेटीच्या चाळीसपटींहून अधिक. तें सावकाश तापतें व सावकाशच निवतें. नव्या सिमेंटचा चुना पाण्यांत उतरतो, यासाठीं दोन-तीन आठवडे पाणी भरून व बदलून मगच मासे सोडावे. दुपारच्या बाजूस झावळ्यांचा मांडव घालावा, आणि खंड्या व बगळा यांच्यासाठीं वर जाळी ताणावी. विहिरीचें ताजें पाणी एकदम ओतूं नये. त्यांत प्राणवायु थोडा असतो व तें टांक्यांतील पाण्याहून बरेंच गारही असतें. उंचावरून पसरून, थोडें थोडें घालावें. गप्पी मासे उष्णता अधिक सोसतात व डांसांच्या अळ्याही खातात. पण ते परदेशी असल्यानें नदी-ओढ्यांत सोडूं नयेत.

ज्यांनीं ॲक्रिलिकची पेटी घेतलीच आहे, त्यांनीं ती उत्तरेकडील पडवींत सपाट चौरंगावर ठेवावी. गोल भांडें असेल तर तें कडब्याच्या गंजीजवळ उन्हांत मुळींच ठेवूं नये. पाण्यानें भरलेलें गोल भांडें भिंगासारखें ऊन एका ठिकाणीं गोळा करतें, व वाळल्या गवतास पेट घ्यावयास तेवढें पुरतें.