खड्डा ज्याने नीट खणला, नोटीस त्यालाच

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा. गेले पंधरा दिवस गावात ज्या 'गूढ टॉवर'ची चर्चा चाललीय त्याबद्दल आहे. 'गूढ' हा शब्द माझा नाही, आमच्याच धंद्यातल्या एका बंधूचा. त्यांनी मथळा दिला, पण त्या घराची बेल काही वाजवली नाही. मी वाजवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टेशन रोडच्या मागच्या कॉलनीत आयटीआयमधून निवृत्त झालेले एक सर राहतात. नाव लिहीत नाही. निम्म्या गावाच्या घरातलं वायरिंग त्यांच्या पोरांनी केलंय, ओळखणारे ओळखतील. सर 'हॅम' आहेत, म्हणजे हौशी रेडिओ चालवतात. यात चोरून काही नसतं. केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते, परवाना मिळतो, 'व्हीयू'ने सुरू होणारं स्वतःचं कॉल साइन मिळतं. राजीव गांधींकडे असा परवाना होता. सरांना स्वतःच्या प्लॉटमध्ये, घराच्या मागे, अँटेनासाठी साठ फुटी लोखंडी टॉवर उभा करायचाय. त्याच्या पायासाठी त्यांनी पाच बाय पाच फूट, सहा फूट खोल खड्डा घेतला. सळईची जाळी बांधून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर येणार, आणि आदल्या दिवशी संध्याकाळी नगरपरिषदेची नोटीस आली. विनापरवाना बांधकाम, काम थांबवा.

विनापरवाना? सरांनी जानेवारीत अर्ज दिलाय. त्यासोबत नकाशा आहे, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं गणित आहे, केंद्राच्या परवान्याची प्रत आहे. आवक शिक्का मारलेली पोच मी स्वतः पाहिली. चार महिने त्या अर्जावर हो नाही की नाही नाही. तक्रार आली तेव्हा मात्र दोन दिवसांत नोटीस.

मग वळवाचा पाऊस झाला. उघड्या खड्ड्यात गुडघाभर पाणी, एक बाजू ढासळली. त्याच गल्लीत पोरं क्रिकेट खेळतात. सरांनी पत्रे आणि काटेरी तार लावून खड्डा झाकलाय, पण कागदावर काम 'थांबलेलं' आहे. सहा फुटी खड्डा ऐन पावसाळ्याच्या तोंडावर उघडा ठेवायला लावण्यात कुणाची सुरक्षितता साधली, हे नोटिशीवर सही करणाऱ्यांनी एकदा जागेवर येऊन सांगावं.

आता शेजाऱ्यांची बाजू. त्यांना मी येड्यात काढणार नाही. दोन भीती आहेत, आणि दोन्हींची गल्लत झालीय.

पहिली 'रेडिएशन'ची. तक्रार अर्जात तेवढंच आहे. हॅम रेडिओचा अँटेना हा मोबाइल कंपनीचा टॉवर नव्हे. तो चोवीस तास चालू नसतो. सर संध्याकाळी तास-दीड तास बसतात, त्यातही बराच वेळ ऐकण्यात जातो. ज्या लहरी निघतात त्या क्ष-किरणांसारख्या शरीरातले रेणू तोडणाऱ्या नव्हेत, आणि अंतर दुप्पट झालं की त्यांची तीव्रता चौथाई होते. साठ फूट वर असलेल्या अँटेनाची एवढी धास्ती, आणि मोबाइल रात्री उशीखाली. टीव्हीत खरखर येईल ही तक्रार मात्र योग्य आहे. तशी आली तर फिल्टर बसवून देतो, असं सरांनी माझ्यासमोर लिहून दिलंय.

दुसरी भीती समोरच्या काकूंनी बोलून दाखवली. "अहो, ते रेडिएशन-बिडिएशन मला कळत नाही. वादळात तो आमच्या घरावर पडला तर काय हो?"

काकूंचं घर त्या खड्ड्यापासून पंचवीस फुटांवर आहे आणि टॉवर साठ फुटी. या सगळ्या प्रकरणात विचारण्यासारखा प्रश्न हाच होता. तो तक्रारीत नाही, नोटिशीत नाही, बातमीत तर नाहीच. आणि याचंच उत्तर त्या खड्ड्यात आहे.

मी अर्धा दिवस सरांकडे बसून ते गणित समजून घेतलं. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेल्या माणसाला जेवढं झेपेल तेवढं सांगतो. आपल्याकडे इमारतींवर वाऱ्याचा जोर किती धरायचा याचं सरकारी मानक आहे, आयएस ८७५ चा तिसरा भाग. त्यात पुणे-नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरलाय, मुंबईसाठी ४४. आपणही ३९ मध्येच येतो. म्हणजे ताशी १४० किलोमीटर. या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ९३ किलो पडतो. टॉवर जाळीचा असल्याने बराचसा वारा आरपार जातो. तरी वरचा अँटेना आणि खालची जाळी मिळून बुडाशी चार-साडेचार टन-मीटरचा उलटवणारा जोर येतो. टन-मीटर म्हणजे काय, तर पहार. पहारेने दगड उचकटताना पहार जितकी लांब तितका दगड सहज निघतो. टॉवर हीच वाऱ्याच्या हातातली साठ फुटी पहार.

त्याला धरून ठेवायचं कशाने? वजनाने. सरांच्या खड्ड्यात सव्वाचार घनमीटर काँक्रीट बसतं, म्हणजे दहा टनांच्या वर. निव्वळ आपल्या वजनावर तो ठोकळा साडेसात टन-मीटर धरतो, भोवतालच्या मातीचा आधार न मोजता. काकू, हे तुमचं उत्तर.

पण हे आकडे कागदावरचे. जमिनीत खरी गंमत असते. आपली काळी माती कशी आहे ते शेतकऱ्याला सांगायला नको. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर टेकवलेला पाया दरवर्षी वरखाली होतो आणि चार-पाच वर्षांत टॉवर तिरपा दिसायला लागतो. म्हणून सर काळी माती ओलांडून मुरमापर्यंत गेले. तळाला आधी पातळ काँक्रीटचा थर, म्हणजे सळई मातीला लागणार नाही. सळईच्या चहूबाजूंनी दोन इंच काँक्रीट राहावं म्हणून कव्हर ब्लॉक. सिमेंट, वाळू, खडी एकास दीड, तीन. चौतीस गोण्या हिशेबाने आणून शेडमध्ये रचलेल्या आहेत. टॉवरचे पाय काँक्रीटमध्येच जाणार, म्हणून ते सरळ धरायला लोखंडी साचा बनवलाय आणि ओळंबा चारही बाजूंनी लावून झालाय. इथे सुतभर चूक झाली तर वर साठ फुटांवर ती वीतभर दिसते. ओतताना व्हायब्रेटर, नंतर गोणपाट टाकून दहा दिवस पाणी, आणि अठ्ठावीस दिवस होईपर्यंत वर टॉवर चढवायचा नाही. आता पाऊस पडल्यामुळे तळाचा मऊ पडलेला मुरूम खरवडून काढावा लागेल, तो थर पुन्हा घालावा लागेल. सळईला गंज धरतोय. हा खर्च पेन्शनमधून.

एवढं वाचून झालं असेल तर आता जरा एसटी स्टँडच्या चौकात चला.

तिथे चाळीस बाय वीस फुटाचं होर्डिंग आहे. सध्या त्यावर कुणाचा वाढदिवस आहे ते तुम्ही रोज बघताच. खालची कड जमिनीपासून पंधरा फुटांवर. क्षेत्रफळ ७४ चौरस मीटर, आणि हा सपाट पत्रा आहे, वारा आरपार जात नाही. वरचंच गणित लावा. निदान सात टनांचा आडवा धक्का आणि बुडाशी पन्नास टन-मीटरच्या वर जोर. सरांच्या टॉवरच्या दहापट. नुसत्या वजनावर हे धरायचं तर दहा बाय दहा फुटांचा, सहा फूट खोल ठोकळाही जेमतेम पुरेल. तिथला फुटपाथ सहा फुटांचा आहे, आणि शेजारी गटार. कुणी म्हणेल, पाइल टाकले असतील. टाकले असतील तर मशीन आलं असणार. त्या चौकात रात्री दोनपर्यंत चहाची गाडी असते, मी तिथे विचारलं. मशीन कुणी पाहिलं नाही. एका रात्रीत चार पोरं, एक गॅस कटर आणि एक छोटा मिक्सर, एवढंच लोकांच्या लक्षात आहे. बुडाशी जाऊन बघा. काँक्रीटमधून खडी उघडी पडलीय, आणि दोन बोल्टांना नट नाहीत.

मेन रोडवर तर आणखी मजा. जुन्या दुमजली इमारतीच्या गच्चीवर सांगाडा उभा केलाय, स्लॅबला भोकं पाडून. त्याला पायाच नाही. खाली मेडिकल आणि क्लासेस.

हे भयंकर वाटत असेल तर दोन तारखा आठवा. १७ एप्रिल २०२३, पिंपरी-चिंचवडमधलं किवळे. वादळी पावसात आडोशाला उभे राहिलेले लोक होर्डिंगखाली सापडले, पाच जण गेले. १३ मे २०२४, घाटकोपर. पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळलं, सतरा जण गेले. मुंबई महापालिका जास्तीत जास्त ४० बाय ४० ला परवानगी देते. तपासात पाया अपुरा असल्याचं पुढे आलं. दोन्ही ठिकाणी आडोसा घेणारे, पेट्रोल भरणारे लोक होते. आपल्या चौकातही होर्डिंगखाली काय आहे? रिक्षा स्टँड.

'त्यांचा पुळका आला का' असं कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच सांगतो. सरांना नियमातून सूट द्या असं मी म्हणत नाही. उलट त्यांचा नकाशा कसून तपासा, खड्डा मोजा, काँक्रीट ओतताना अभियंत्याला उभं करा, ठोकळे घेऊन चाचणीला पाठवा. कमी भरलं तर नाकारा. पण मग तीच टेप घेऊन तसंच चालत एसटी स्टँडला या.

आणि 'आजकाल मोबाइल असताना रेडिओ कशाला' असं विचारणाऱ्यांसाठी. डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद नावाच्या हॅम ऑपरेटर हौसेच्या मोहिमेसाठी आपल्या चमूसोबत अंदमानात होत्या. बेटांचा संपर्क तुटला तेव्हा पोर्ट ब्लेअरहून त्यांच्याच रेडिओवरून मुख्य भूमीपर्यंत निरोप जात होते. पूर आला, वीज गेली, की मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत बसतात. तेव्हा तालुक्यात बॅटरीवर चालणारा एक परवानाधारक रेडिओ असणं तहसीलदारांच्याही सोयीचंच आहे.

सोमवारी मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतोय. शहरातल्या प्रत्येक होर्डिंगचा पाया-नकाशा, स्थैर्य प्रमाणपत्र, ते देणाऱ्या अभियंत्याचं नाव, आणि शेवटची तपासणी कधी झाली. सोबत सरांच्या जानेवारीतल्या अर्जावर आजवर कोणकोणत्या टेबलावर काय शेरा पडला, त्याची प्रत. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. जे येईल ते इथेच टाकेन, काहीच आलं नाही तर तेही टाकेन.

तोवर तुम्ही एक करा. तुमच्या घरासमोर, दुकानासमोर, शाळेसमोर होर्डिंग, कमान किंवा हायमास्ट असेल तर त्याच्या बुडाचा फोटो काढून कमेंटमध्ये टाका. वरचा चेहरा नको, त्यावरून भांडणं होतात. बोल्ट, नट आणि काँक्रीट दिसेल असा, आणि खाली जागेचं नाव लिहा.