मुके मित्र : वाघ्याची रात्रपाळी



मालेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून सातवीतल्या एका मुलाचं पत्र आलं. (मालेगाव म्हणजे नाशिककडचं नव्हे बरं का, आपल्या वाशिम जिल्ह्यातलं!) त्यानं दोन महिन्यांचं एक पिल्लू घरी आणलंय. नाव वाघ्या. दिवसभर वाघ्या सगळ्यांचा लाडका असतो. रात्री मात्र दोन-तीन वेळा घरात शू, कधी शीसुद्धा! एकदा तर आजीच्या गोधडीवरच. मुलगा लिहितो, "आई सकाळी उठल्याबरोबर फरशी पुसते आणि माझ्याशी बोलत नाही. बाबा म्हणाले, 'आयतवारलोक पाह्यतो. नाही तं बजारात नेऊन सोडतो त्याले.' मी वाघ्याला मारलं, शेजारच्यांनी सांगितलं म्हणून त्याचं नाकही शूमध्ये घासलं. आता तो मला पाहिलं की पलंगाखाली जातो. काका, काय करू?"

पत्राखाली फोन नंबर होता. रविवार जवळ आला होता, म्हणून मी त्याच संध्याकाळी फोन केला. त्याला जे सांगितलं, तेच आज तुम्हा सगळ्यांना सांगतो. हिवाळ्यात गल्लोगल्ली पिल्लं दिसतात आणि तुमच्यातले कितीतरी जण एखादं उचलून घरी आणतात, म्हणून.

मी त्याला पहिला प्रश्न विचारला, "वाघ्या रात्री शू करतो, तेव्हा तू काय करत असतोस?"

तो म्हणाला, "झोपलेला असतो."

सगळं कोडं इथंच आहे! दोन महिन्यांच्या पिल्लाची लघवीची पिशवी एवढीशी असते आणि ती आवरून धरणारे स्नायू अजून कच्चे असतात. एक ढोबळ हिशेब लक्षात ठेवा. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा. साधारण तितके तास ते दिवसा थांबू शकतं. म्हणजे दोन महिन्यांचा वाघ्या तीन तास. झोपेत थोडं जास्त. पण तुम्ही दहाला झोपणार आणि सहाला उठणार, म्हणजे आठ तास! एवढा वेळ थांबणं त्याला जमणारच नाही. दार बंद, कडी त्याला काढता येत नाही, आणि हाक मारली तर कुणी उठत नाही. मग बिचाऱ्यानं करावं काय?

आता मारण्याचं बघू. सकाळी सहाला तुम्ही नाक घासता, पण त्यानं शू केली रात्री दोनला. दोनचा गुन्हा आणि सहाची शिक्षा यांचा मेळ त्याच्या डोक्यात बसत नाही. त्याला एवढंच कळतं, की हा मुलगा जवळ आला की दुखतं. मग तो तुमच्यासमोर शू करायलाच घाबरतो. अंगणात नेलं तरी करत नाही, आणि घरात आल्यावर पलंगाखाली लपून करतो. म्हणजे मारून आपण त्याला चोरून शू करायला शिकवतो!

तेव्हा मारणं आजपासून बंद. त्याऐवजी काय करायचं, ते ऐका.

पहिली गोष्ट, झोपायची जागा. पिल्लं साधारण तीन आठवड्यांची झाली, की आपली झोपायची जागा सोडून बाजूला जाऊन शी-शू करू लागतात. आपलं अंथरूण घाण करणं त्यांनाही आवडत नाही. याच सवयीचा उपयोग करायचा. भाजीचं रिकामं कॅरेट घ्या, त्यात जुनं पोतं अंथरा आणि ते तुमच्या अंथरुणाजवळ ठेवा. वाघ्याला त्यात नीट उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं, एवढंच ते मोठं हवं. फार ऐसपैस झालं, तर एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्या कोपऱ्यात मोरी! जवळ ठेवायचं कारण असं, की त्याला लागली की तो चुळबुळ करतो, कुईकुई करतो. ते ऐकू आलं पाहिजे ना!

दुसरी गोष्ट, गजर. रात्री दहाला झोपण्यापूर्वी त्याला बाहेर न्यायचं. मग एक वाजता, मग चार वाजता आणि सकाळी उठल्याबरोबर. हो, एक वाजता! गजर लावायचा तुमच्या उशाशी, आईच्या नव्हे. पिल्लू आणलं कुणी? मग रात्रपाळीही त्याचीच. फक्त अंगणात एकट्यानं जायचं नाही. घरातल्या एका मोठ्या माणसाला सोबत घ्यायचं, पायात चप्पल घालायची, हातात बॅटरी घ्यायची. विंचू-सापाला आपली वेळ ठाऊक नसते!

वाघ्याला चालवत नेऊ नका, उचलून न्या. नाही तर दारापर्यंत पोचण्याआधीच कार्यक्रम उरकतो. जागा रोज एकच ठेवा, अंगणाचा एखादा कोपरा. तिथं ठेवायचं आणि गप्प उभं राहायचं. खेळ नाही, गप्पा नाहीत. रात्री मज्जा येते असं कळलं, तर तो खेळायला उठवू लागेल. तो शू करू लागला, की हळू आवाजात एकच शब्द म्हणायचा, "शूऽऽ". संपली, की लगेच शाबासकी आणि भाकरीचा एवढासा तुकडा. लगेच म्हणजे तिथल्या तिथे. घरात येऊन दिलात, तर घरात आल्याचं बक्षीस मिळालं असं त्याला वाटेल.

हा शब्द कशाला? रशियात इव्हान पावलॉव्ह नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना खाणं देण्याआधी रोज एक ठरावीक आवाज ऐकवला जाई. काही दिवसांनी नुसता आवाज ऐकला, तरी कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटू लागलं! दोन गोष्टी पुन्हा पुन्हा एकामागोमाग घडल्या, की कुत्रा त्यांची जोडी जमवतो. "शूऽऽ" आणि अंगणाचा कोपरा, ही आपली जोडी. पुढं पावसाळ्यात कुत्रा दारात कुडकुडत उभा असेल, तेव्हा हा एक शब्द फार कामाला येतो.

चार-पाच रात्री कोरड्या गेल्या, की एकचा गजर पंधरा-वीस मिनिटं पुढं सरकवा. मग आणखी थोडा. असं करत दोन गजरांचा एक होतो. चार महिन्यांच्या आसपास बरीच पिल्लं रात्रभर थांबू लागतात. काहींना सहा महिने लागतात. घाई करायची नाही.

तिसरी गोष्ट, दिवसाचं वेळापत्रक. रात्र सुधारायची असेल, तर दिवस आखावा लागतो. पोटात अन्न गेलं, की आतडी हलू लागतात, म्हणून जेवणानंतर पाच ते तीस मिनिटांत पिल्लाला शी लागते. झोपून उठल्यावर आणि खेळून झाल्यावर शू लागते. जमीन हुंगत गोल गोल फिरू लागलं, खेळता खेळता एकदम बाजूला गेलं, की समजा, वेळ झाली! उचला आणि पळा. रात्रीचं खाणं झोपण्याच्या दोन-तीन तास आधी द्या. पाणी मात्र संध्याकाळपासून बंद करू नका. काही जण तसा सल्ला देतात, पण आपल्या वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात लहान पिल्लाला पाणी तोडणं जिवावर बेतू शकतं.

चौथी गोष्ट, सफाई. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी सुमारे पन्नास लाख, तर कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून जास्त! आपल्याला फरशी स्वच्छ वाटते, पण वाघ्याला तिथं पाटी दिसते, 'शू करण्याची जागा'. फिनाईल टाकू नका. त्याचा वास आपल्याला येतो, जुना वास मात्र कुत्र्याला येतच राहतो. शिवाय पिल्लू फरशी चाटतं, आणि फिनाईल विषारी असतं. कपड्यांची पावडर टाकलेल्या कोमट पाण्यानं पुसा, मग साध्या पाण्यानं दोनदा. गोधडी धुऊन कडक उन्हात वाळवा. सारवलेली जमीन असेल, तर ओला भाग खरवडून काढा आणि पुन्हा सारवा. खरवडलेली माती फेकू नका. ती अंगणातल्या त्या कोपऱ्यात टाका, म्हणजे ती पाटी योग्य जागी लागेल! शी उचलल्यावर साबणानं हात धुवायचे, हे सांगायला नकोच. पिल्लांच्या पोटातले जंत माणसांनाही होतात.

हे सगळं करूनही पिल्लू थोडी थोडी शू सारखीच करत असेल, करताना कण्हत असेल, शी पाण्यासारखी किंवा रक्ताची होत असेल, तर तो शिस्तीचा प्रश्न नाही, दुखणं आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. तिथं फक्त गाई-म्हशीच नेतात, असं नाही. आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला, पण जनावरांच्या मोठ्या दुखण्यासाठी अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आजही आपल्याला जवळच आहे. सहा ते आठ आठवड्यांपासून पिल्लाच्या लसी सुरू होतात. पार्व्हो नावाच्या रोगाचे विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतात, म्हणून लसी पूर्ण होईपर्यंत बाहेरची कुत्री येतात तिथं पिल्लाला फिरवू नका. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर. आणि पिल्लाचा दात किंवा नख लागलं, तर लपवायचं नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, घरी सांगायचं आणि लगेच दवाखाना. रेबीज एकदा झाला, की बरा होत नाही. वेळेवर लस घेतली, की टळतो.

आता दोन शब्द आई-बाबांशी. तुमचा राग मला समजतो. दिवसभर राबायचं आणि सकाळी उठून घाण पुसायची, कुणालाही वैताग येईल. पण ते पिल्लू बाजारात सोडलं, तर ते उपासमारीनं नाही तर गाडीखाली जातं. जनावराला असं उपाशी-तहानलेलं मरायला सोडून देणं, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे. आणि मुलगा त्यातून काय शिकतो? अडचण झाली, की सोडून द्यायचं! त्यापेक्षा रात्री एकला त्याला उठू द्या. तो जे शिकेल, ते कुठल्याही पुस्तकात नाही. नाहीच जमलं, तर पिल्लाला नीट सांभाळणारं दुसरं घर शोधा आणि त्या घरी मुलालाच सोबत न्या.

तर, त्या मुलाचं पुढं काय झालं? परवा त्याचं दुसरं पत्र आलं. त्यानं वहीत तक्ता आखला होता. तारीख, किती वाजता नेलं, शू अंगणात की घरात. पहिल्या रात्री गजर वाजला, पण हा उठलाच नाही! घरात दोनदा. दुसऱ्या रात्री एकदा. रविवार आला. बाबांनी तक्ता पाहिला, काही बोलले नाहीत. मुदत मात्र आठ दिवसांनी वाढली. त्या आठवड्यात शेतातली लाइट रात्री येत होती. बाबा हरभऱ्याला ओलीत करायला पहाटे चारला उठत. तक्त्यात चारच्या रकान्यात एक दिवस वेगळंच अक्षर दिसलं, "४.१०, बाहेर, झाली." ते बाबांचं होतं! तेव्हापासून एकची पाळी मुलाची आणि चारची बाबांची.

अजून सगळं सुरळीत झालेलं नाही. मागच्या आठवड्यात वाघ्यानं एकदा दारातच केली. पण तो आता पलंगाखाली जात नाही. गजर वाजला, की हाच आधी उठून कॅरेटमध्ये शेपूट आपटतो, असं मुलानं लिहिलंय.

तुमच्याकडेही पिल्लू असेल, तर दहा दिवसांचा असा तक्ता करा आणि मला पाठवा. घरात झालेली शूसुद्धा खरी खरी लिहायची बरं का!

तुमचा,
काका